‘त्यांच्या घराण्यात आहे म्हणे’

इंदूरच्या रामबागेत एका घरी गेल्या वर्षी लग्नाची बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. पत्रिका जुळली होती, मुलगा-मुलगी दोनदा छप्पन दुकानवर भेटून आली होती. मग उज्जैनहून मुलाच्या आत्याचा फोन आला. “मुलीच्या आईला ते विसरायचं दुखणं आहे ना? ते घराण्यात असतं म्हणतात.” त्यानंतर तिकडून कुणाचाच फोन आला नाही.

ती मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या आईचं दुखणं बावन्नाव्या वर्षी सुरू झालं, आणि तेही विसरण्यानं नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी त्या दारात ठिपक्यांची रांगोळी काढायला बसल्या आणि समोर ठिपके दिसत असून ते जोडता येईनात. पुढे स्कूटर लावताना अंदाज चुकायला लागला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय अडखळायला लागला. चष्म्याचा नंबर तीनदा बदलून झाला. एका डॉक्टरांनी ‘पाळी जायचं वय आहे, टेन्शन घेता’ म्हणून दीड वर्ष झोपेच्या गोळ्या दिल्या. अल्झायमरचं निदान झालं तेव्हा त्या चौपन्न वर्षांच्या होत्या.

मुलगी माझ्याकडे आली आणि तिनं एकच विचारलं, “ताई, मग मलाही होणार का?”

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आनुवंशिकतेचा धडा दर वर्षी फळ्यावर चौकट आखून शिकवला: वाटाणे, उंच झाड, बुटकं झाड. पण त्या मुलीला चौकटीत बसणारं उत्तर देता आलं नसतं. ‘घराण्यात आहे’ या दोन शब्दांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी आपण एकत्र बांधून ठेवल्या आहेत. एक फार दुर्मीळ आहे आणि जवळजवळ अटळ. दुसरी पुष्कळ घरांत आहे, पण ती अटळ नाही. हा फरक न कळल्यामुळे लग्नं मोडतात आणि माणसं रात्ररात्र जागी राहतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पन्नाशीत अल्झायमर होतो?

होतो. किंबहुना या आजाराची वैद्यकात पहिली नोंद झाली ती अशाच एका बाईची. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची रुग्ण आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी तपासली. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर त्यांना चिकट गोळे साचलेले दिसले आणि पेशींच्या आत गुंतलेल्या दोऱ्यांसारखी जाळी. गोळ्यातल्या पदार्थाला आज अमायलॉइड म्हणतात, दोऱ्यातल्या प्रथिनाला टाऊ. हा साठा लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून चुपचाप होत असतो.

पासष्ट वर्षांच्या आत लक्षणं सुरू झाली तर त्याला ‘लवकरचा’ अल्झायमर म्हणतात. अल्झायमरच्या शंभर रुग्णांत असे साधारण पाच. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश (याचं सगळ्यात मोठं कारण अल्झायमर) असावा असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्या मोठ्या आकड्यापुढे ही मंडळी दिसतच नाहीत. ती नोकरीत असतात, मुलांची शिक्षणं व्हायची असतात, घराचे हप्ते चालू असतात. शिवाय तरुण वयात हा आजार बरेचदा आडवाटेनं येतो. स्मरणशक्ती शाबूत असते, पण शब्द सापडत नाहीत, हिशेब जमत नाही, अंतराचा अंदाज चुकतो, नेहमीचा रस्ता अनोळखी वाटतो. रांगोळीचे ठिपके न जुळणं हे डोळ्यांचं दुखणं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेलं जोडून त्याचं चित्र बनवणारा, मेंदूचा मागचा भाग थकला होता.

एक ठाण, दोन कात्र्या

जनुक म्हणजे शरीरातलं एखादं प्रथिन कसं बनवायचं याची लिहून ठेवलेली कृती. प्रत्येक कृतीच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. कृती लिहिताना एखादं अक्षर चुकलं की पदार्थ बदलतो. बरेचदा काही बिघडत नाही, क्वचित फार बिघडतं.

आता आपल्या तुकोजीराव क्लॉथ मार्केटातल्या एखाद्या दुकानाची कल्पना करा. मेंदूच्या पेशीच्या पापुद्र्यात एपीपी नावाचं एक लांब प्रथिन रोवलेलं असतं, ते आपलं कापडाचं ठाण. दोन कात्र्या ते कापतात. पहिली कात्री एका जागी कापते, दुसरी थोडं पुढे, आणि मधला तुकडा सुटतो तो अमायलॉइड. तुम्हाआम्हा सगळ्यांच्या मेंदूत तो रोज सुटतो आणि रोज वाहूनही जातो. प्रथिनाची लांबी अमिनो आम्लांत मोजतात, कापड मीटरमध्ये मोजतात तशी. बहुतेक तुकडे ४० लांबीचे निघतात, थोडे ४२ लांबीचे. फरक फक्त दोनाचा, पण ४२ चा तुकडा जास्त चिकट असतो. तो दुसऱ्याला धरून ठेवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि गोळा बनायला लागतो.

दुसऱ्या कात्रीचं पातं ज्या प्रथिनाचं असतं त्याचं नाव प्रेसेनिलिन. त्याच्या कृतीत चूक असेल तर कात्री चुकीच्या मापानं कापत राहते आणि ४२ च्या तुकड्यांचं प्रमाण वाढतं. ही चूक जन्मापासूनची असते, म्हणून साठा लवकर होतो.

अशी जनुकं तीन. ठाणाचं म्हणजे एपीपीचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं (गुणसूत्र म्हणजे जनुकं ज्यावर ओवलेली असतात तो धागा). त्यातली आजार आणणारी चूक लंडनच्या संशोधकांनी १९९१ मध्ये शोधली. प्रेसेनिलिन-१ चं जनुक १४ व्या गुणसूत्रावर आणि प्रेसेनिलिन-२ चं पहिल्या; ही दोन्ही १९९५ मध्ये सापडली. तिन्हींत जास्त आढळते ती प्रेसेनिलिन-१ मधली चूक, आणि ती तिशी-चाळिशीतही आजार आणू शकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणजे ठाणच दीडपट. चाळिशीपर्यंत त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मेंदूत अमायलॉइडचे गोळे तयार झालेले असतात. अशा मुलांच्या आईवडिलांना ही गोष्ट कुणी सांगत नाही, ती सांगायला हवी.

या तीन जनुकांत एक सदोष प्रत पुरते, दुसरी चांगली असली तरी. म्हणून आई किंवा बाबांकडे ती असेल तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत छापा की काटा: निम्मी शक्यता. ही नाणेफेक प्रत्येक मुलाची वेगळी होते. थोरल्याला आली म्हणून धाकटी सुटली असं नसतं. आणि ज्याला सदोष प्रत मिळालीच नाही, तो ती पुढे देऊ शकत नाही. त्याच्यापुरती ती साखळी तिथे तुटते. ‘एक पिढी सोडून येतं’ असं आपल्याकडे म्हणतात, ते या जनुकांना लागू नाही.

पण ही जनुकं किती दुर्मीळ ते लक्षात घ्या. सगळ्या अल्झायमर रुग्णांत शंभरात एकापेक्षाही कमी. लवकरच्या रुग्णांतही साधारण दहात एक. बाकीच्या नऊ जणांना लवकर आजार होतो, पण या तीन जनुकांमुळे होत नाही.

डोंगरातलं एक मोठं कुटुंब

कोलंबियात अँटिओकिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या काही विस्तारित कुटुंबांत प्रेसेनिलिन-१ ची एकच ठरावीक चूक पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. या नात्यागोत्यात मिळून सहा हजारांच्या आसपास माणसं. ज्यांना सदोष प्रत मिळाली त्यांना सरासरी ४४ व्या वर्षी विसरायला होऊ लागतं आणि ४९ च्या सुमारास पूर्ण स्मृतिभ्रंश येतो. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी चार दशकं दिली. ते घराघरात जाऊन वंशावळी लिहीत, चर्चमधल्या जुन्या नोंदी तपासत. २०२४ मध्ये ते गेले.

या कुटुंबांतली अलिरिया नावाची एक स्त्री सगळ्यांना कोड्यात टाकून गेली. तिच्याकडे ती सदोष प्रत होती, मेंदूत अमायलॉइडही भरपूर साचलं होतं. तरी सत्तरी येईपर्यंत तिची बुद्धी चांगली राहिली, म्हणजे नात्यातल्या इतरांपेक्षा जवळजवळ तीस वर्षं जास्त. २०१९ मध्ये कारण प्रसिद्ध झालं. एपीओई नावाच्या आणखी एका जनुकात तिच्याकडे एक विरळा बदल होता, आणि तो दोन्ही प्रतींत होता. ‘अटळ’ म्हणून ठरलेल्या जनुकालाही दुसरं जनुक थोपवू शकतं, हे तिच्यामुळे कळलं. एवढ्यासाठीच मी वर ‘जवळजवळ अटळ’ असं लिहिलं.

सकाळी येणारी कचरागाडी

एपीओई हेच ते दुसरं, घरोघरी असलेलं जनुक. आपल्या इंदुरात सकाळी गाडी दारात येते, ओलं-सुकं वेगळं घेऊन जाते. म्हणून तर २०१७ पासून स्वच्छतेत शहराचं नाव आहे. कचरा रोजच होतो, आणि गाडी रोज येते म्हणून तो साचत नाही. मेंदूतल्या अमायलॉइडचंही तसंच. ते उचलून नेण्यात एपीओईचा हात असतो. या जनुकाचे तीन प्रकार आढळतात: ई२, ई३ आणि ई४. ई३ ही नेहमीची गाडी, ई२ जरा जास्त कामसू. ई४ सुस्त, तिच्या वाटेवर कचरा साचत राहतो. (उपमा इथवरच ताणावी. एपीओईचं मूळ काम चरबी वाहून नेण्याचं आहे, आणि मेंदूतल्या सुजेशीही त्याचा संबंध आहे.)

ई४ चं अल्झायमरशी नातं १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात उघड झालं. ई४ ची एक प्रत असेल तर धोका दुप्पट-तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, असे आकडे सांगतात. ‘तिप्पट’ ऐकून छातीत धस्स होतं. पण तिप्पट कशाच्या, हे आधी विचारा. समजा एखाद्या वयात शंभरात दोघांना आजार होत असेल, तर तिप्पट म्हणजे सहा. उरलेल्या चौऱ्याण्णव जणांना होत नाही. ई४ अजिबात नसलेल्यांनाही अल्झायमर होतो, आणि ई४ असूनही नव्वदीत नातवंडांचे पाढे घेणारे आजोबा असतात. ई४ मुळे आजार काही वर्षं अलीकडे सरकू शकतो, म्हणून लवकरच्या रुग्णांतही तो दिसतो. पण एकट्या ई४ वरून भविष्य सांगता येत नाही.

हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आले आहेत. आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या गावांत भारत-अमेरिका असा संयुक्त अभ्यास झाला. तिथे ई४ चं प्रमाण अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी निघालं, अल्झायमरही कमी निघाला. मात्र ज्यांच्याकडे ई४ होता त्यांच्यात त्याचा आजाराशी संबंध तसाच होता.

इथे जाणकार वाचक एक शंका काढतील. २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी म्हटलं की ज्यांच्याकडे ई४ च्या दोन्ही प्रती आहेत अशा बहुतेक सगळ्यांच्या शरीरात पासष्टीपर्यंत अमायलॉइडच्या खुणा सापडतात, तेव्हा हाही एक आनुवंशिक अल्झायमरच मानावा. या मताला वजन आहे. पण साठा सापडणं वेगळं आणि माणसाची समज जाणं वेगळं. अलिरियाच्या मेंदूत साठा किती होता ते आपण पाहिलंच.

“मग तपासणी करून टाकू ना एकदाची!”

घाई करू नका. घरी डबी मागवून त्यात थुंकी पाठवायच्या तपासण्या निघाल्या आहेत. एपीओई सांगणाऱ्या अशा तपासणीतून एपीपी आणि प्रेसेनिलिनबद्दल काही कळेलच असं नाही. म्हणजे जे अटळ नाही ते कळणार आणि ज्याची खरी भीती आहे ते नाहीच कळणार, असंही होऊ शकतं.

त्याआधी वही काढा. आपल्या मराठी घरांना कुलवृत्तांतांची हौस आहे. मूळ गाव, गोत्र, कोण कधी इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याला आलं, सगळं छापलेलं असतं. आजार मात्र कुणी लिहीत नाही. तीन पिढ्या लिहून काढा: कोण, काय झालं, आणि मुख्य म्हणजे कितव्या वर्षी सुरू झालं. पंचाऐंशीला विसरायला लागलेली आजी आणि पंचावन्नला विसरायला लागलेला मामा एका रकान्यात घालू नका. एकाच बाजूच्या लागोपाठ पिढ्यांत, साठीच्या आत, एकाहून जास्त जणांना झालं असेल तर त्या तीन जनुकांचा संशय रास्त. घरात एकच रुग्ण असेल तर संशय बराच खाली येतो. पूर्ण जात नाही, कारण मागचं माणूस आजाराच्या वयापर्यंत पोचायच्या आधीच तापानं किंवा अपघातानं गेलेलं असू शकतं.

तपासायचंच झालं तर पहिलं रक्त आजारी माणसाचं. ही साधी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आईत चूक सापडली तर मुलीत नेमकी तीच शोधता येते. मुलीचंच आधी तपासलं आणि काही सापडलं नाही, तर तिला ते मिळालं नाही की आईच्या आजाराचं कारणच वेगळं, हे कळत नाही. शिवाय कधीकधी अहवालात असा बदल निघतो की त्याचा अर्थ अजून कुणालाच लावता आलेला नाही. म्हणून आधी आनुवंशिकतेच्या समुपदेशकाशी बोला, मगच सुई टोचून घ्या. लहान मुलांची ही तपासणी करू नये. मोठं झाल्यावर कळून घ्यायचं की नाही, हा निर्णय त्यांचा आहे.

न कळून घेण्याचाही अधिकार असतो. डीएनएची रचना शोधणारे जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये स्वतःचा सगळा जनुकसंच जगासमोर ठेवला, पण एपीओई झाकून ठेवायला सांगितलं. आजीला अल्झायमर झाला होता. ते उत्तर त्यांना नको होतं. उलट बाजूही आहे. अमेरिकेत रुग्णांच्या मुलांना समजावून-सांगून एपीओईचा निकाल दिला, तेव्हा त्यांच्यात नैराश्य किंवा चिंता लक्षणीय वाढली नाही. त्या अभ्यासात समजावून सांगायला माणसं होती. मोबाइलवर रात्री अकराला येणाऱ्या अहवालासोबत कोण असतं?

“औषधच नाही, तर कळून काय करायचं?”

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकला, आणि दहा वर्षांपूर्वी मीही मान डोलावली असती. आता तसं राहिलं नाही. अमायलॉइड काढून टाकणारी दोन औषधं अमेरिकेत मान्य झाली, २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनॅनेमॅब. ती आजार बरा करत नाहीत, सुरुवातीच्या टप्प्यात उतार थोडा मंद करतात. मेंदूला सूज येणं, बारीक रक्तस्राव होणं हे त्यांचे धोके ई४ च्या दोन प्रती असलेल्यांत जास्त, म्हणून औषधाआधी एपीओई तपासतात. आणि ज्या कुटुंबांत अटळ जनुक आहे, तिथल्या निरोगी माणसांना लक्षणांच्या आधीच औषध देऊन पाहण्याचं काम सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून चालू आहे. २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की ज्यांनी गँटेनेरुमॅब हे अमायलॉइड काढणारं औषध सरासरी आठ वर्षं घेतलं, अशा एका छोट्या गटात लक्षणं सुरू होण्याचा धोका निम्म्यावर आला. बावीस जणांचाच गट आहे. पण बावीसच का होईना, पूर्वी त्या कुटुंबांपुढे शून्य होतं.

आणि निदानाच्या वाटेवरच काही जणांना सुटका मिळते. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, यांनीही माणूस विसराळू आणि गोंधळलेला होतो, आणि यांवर उपचार आहेत. आपल्याकडे शाकाहारी घरं भरपूर, तिथे बी-१२ आधी तपासायलाच हवं. ज्यांच्याकडे ती तीन जनुकं नाहीत, म्हणजे जवळजवळ आपण सगळे, त्यांच्या हातातही पुष्कळ काही आहे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, धूम्रपान, एकटेपणा अशी चौदा कारणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब आहे. कानाचं यंत्र लावायला लाजणाऱ्या आपल्या काकांना हे सांगा.

लवकर निदानाचा आणखी एक उपयोग कागदपत्रांचा आहे. ‘पुढेमागे मुखत्यारपत्र करू’ म्हणून लोक थांबतात. साधं मुखत्यारपत्र ते देणाऱ्याची समज गेल्यावर करार कायद्याप्रमाणे संपतं, आणि मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं. मृत्युपत्र, नामांकन, जोडखाती हे सगळं त्या माणसाला अजून कळत असताना, त्याला विचारून व्हायला हवं.

त्या मुलीचं काय?

तिच्या आईचं रक्त तपासलं, दोन वेळा समुपदेशकाशी बोलून मग. एपीपी आणि दोन्ही प्रेसेनिलिनमध्ये काही निघालं नाही. म्हणजे निम्म्या शक्यतेची ती नाणेफेक तिच्या वाट्याला आलेलीच नाही. इतरांपेक्षा थोडा जास्त धोका राहील, तो किती हे आकड्यात सांगता येणार नाही. स्वतःचं एपीओई तिनं तपासलं नाही, आणि मला तिचा निर्णय पटला. उज्जैनच्या मंडळींना तिनं काही कळवलं नाही. “त्यांना अहवाल दाखवून लग्न करायचं नाहीये मला,” एवढंच म्हणाली.

वही मात्र तिनं मनावर घेतली आहे. ती सध्या बडोद्याला मामाकडे आहे. आजोळच्या अकरा माणसांपैकी नऊ जणांच्या नावापुढे वय आणि आजार लिहून झालाय. दोन पणज्यांचं कुणाला आठवत नाही म्हणून मामा आता त्यांच्या माहेरच्या मंडळींना फोन लावतो आहे.